परिविक्षा अधिकारी म्हणून खेड्यापाड्यांत काम करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: महिला व बाल विकास विभागात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे न्यायालयानं तुरुंगाऐवजी बंधपत्रावर सोडलेल्यांची चौकशी आणि देखरेख करणारा) म्हणून निवड झाली आहे, समाजकार्याचं शिक्षण शहरात झालं आणि नेमणूक मात्र बहुतांश खेड्यांच्या जिल्ह्यात मिळाली. तिथलं काम शहरापेक्षा वेगळं असतं का, आणि सुरुवातीला कशाकडे लक्ष द्यावं? मी मराठवाड्यात बरीच वर्षं हेच काम केलं आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

वेगळं असतं. लांबची गावं, खराब रस्ते, दिवसातून दोनदा येणारी एसटी हा त्यातला लहान भाग; त्याची सवय दोन महिन्यांत होते. शहरात तुम्ही कुणाच्या घरी गेलात तर शेजारच्या दारालाही पत्ता लागत नाही. गावात फाट्यावर उतरून ‘अमक्याचं घर कुठं?’ एवढं विचारलंत की तुम्ही दारात पोचायच्या आधी गावानं निकाल दिलेला असतो. न्यायालयानं त्या माणसाला तुरुंगाऐवजी घरी पाठवलं ते त्याचं घर, काम आणि पत टिकावी म्हणून. तीच पत तुमच्या एका भेटीनं जाऊ शकते. म्हणून तुम्ही त्याला कुठं भेटता, कुणासोबत दिसता, कुणाला काय विचारता, यावर आदेशाचं बरंवाईट ठरतं. खाली जे लिहिते आहे ते जवळजवळ सगळं याच एका गोष्टीभोवती फिरेल.

कायदा तुम्ही परीक्षेसाठी वाचलाच असेल, म्हणून रोज लागतं तेवढंच. अपराधी परिविक्षा अधिनियम 1958 मधलं कलम 4 हा प्रौढांच्या प्रकरणांचा कणा. मृत्युदंड किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय दोषी ठरवूनही लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (बाँडवर) सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. देखरेखीचा आदेश केला तर देखरेख किमान एक वर्षाची. आरोपी 21 वर्षांखालचा असेल तर कलम 6 लागतं: त्याला तुरुंगात पाठवायचं तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात आणि त्याआधी तुमचा अहवाल मागवावा लागतो. कलम 7 प्रमाणे तो अहवाल गोपनीय असतो. मुलांसाठी बाल न्याय अधिनियम 2015, त्यावर पुढं येते.

एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही. तालुक्याच्या न्यायालयात कलम 4 ची आठवण फार कमी वेळा निघते. तुम्ही बसता जिल्ह्याच्या ठिकाणी, न्यायालय तालुक्यात, आणि तिथल्या तरुण वकिलांनी परिविक्षा अधिकारी हा प्राणी पाहिलेलाच नसतो. पहिल्या महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या न्यायाधीशांना रीतसर वेळ घेऊन भेटा, बेंच क्लार्कला आपला नंबर द्या, वकिलांच्या खोलीत चहा घ्या. अहवाल मागवला तर इतक्या दिवसांत मिळेल, असं सांगा आणि ते पाळा. दोन अहवाल वेळेत गेले की तिसरा आपोआप मागवला जातो.

आणि काही प्रकरणांत लोक ‘मॅडम, बाँडवर सुटेल का?’ विचारत थेट तुमच्याकडे येतील. अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम 33 मुळे प्रौढाला हा लाभ जवळजवळ बंद आहे, अपवाद कलम 26 आणि 27 खालच्या गुन्ह्यांचा. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात कलम 19 मुळे अठरा वर्षांवरच्यांना तो नाहीच. ट्रॅक्टर नाहीतर जीपखाली माणूस मेला, हलगर्जीपणाचा गुन्हा आहे, तर तिथं सर्वोच्च न्यायालयानं दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या 2000 च्या निकालात परिविक्षेचा मार्ग फार अरुंद करून ठेवला आहे. घरच्यांना खोटी आशा देऊ नका. ‘साहेबांशी बोलते’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. गावात त्याचा अर्थ पैसे द्यावे लागतील असा होतो.

आता गृहचौकशी. माणसाला आधी फोन करा आणि भेट कुठं घ्यायची ते त्यालाच विचारा. पुष्कळदा तो शेत सांगतो, नाहीतर तालुक्याच्या बाजारादिवशी एसटी स्टँड. पहिली भेट तिथं घ्यायला हरकत नाही. घर एकदा तरी बघावंच लागतं, कारण कलम 14 नुसार घरची परिस्थिती तपासणं हे तुमचं कामच आहे. पण घरी जाण्याआधी रस्ता समजून घ्या, म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही. पोलिसांच्या गाडीतून कधीही जाऊ नका, त्यांनी कितीही आग्रहानं ‘तिकडंच निघालोय, बसा’ म्हटलं तरी. आपल्याच विभागाच्या बालसंगोपन योजनेच्या चौकशीला त्याच भागात आपलं जाणं होतंच. दोन्ही कामं एकाच फेरीत जोडली की तुमचं येणं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. कुणी हटकलंच तर ‘महिला व बाल विकासातून आलेय’ एवढं सांगा. ते खरं आहे आणि तेवढं पुरतं. आरोग्य खात्याची आहे, बचत गटाची आहे, असली थाप मारू नका. गावात थाप आठवडाभरही टिकत नाही, आणि उघडी पडली की लोक तुमच्या खऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

वेळ बघून जा. पेरणी आणि सुगीच्या दिवसांत दुपारी घरात फक्त म्हातारी आणि कोंबड्या. ओसरीवर बसलात की बोलतो तो घरातला सर्वांत मोठा पुरुष, बाकीचे माना हलवतात. खरी माहिती आत असते. बाई अधिकारी असण्याचा इथं फायदा आहे, चुलीपाशी बसता येतं. पुरुष अधिकारी असाल तर आशाताईला किंवा अंगणवाडीसेविकेला वेगळं गाठा. पण प्रश्न मोघम ठेवा: या घरातली मुलं शाळेत जातात का, बाई दवाखान्यात एकटी येते का. ‘अमक्यावर केस आहे ना, तो कसा आहे?’ असं विचारलंत तर कलम 7 ची गोपनीयता तुम्हीच मोडलीत.

पोलीस पाटलाला मी शक्यतो शेवटी भेटते. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याखाली नेमलेला तो माणूस असतो, त्याच्याकडे गावाची इत्थंभूत माहिती असते, आणि तोही कुठल्या ना कुठल्या भावकीचा असतो. त्याचं ऐकायचं, पण तो कुणाचा चुलतभाऊ आहे हे माहीत करून घेऊन ऐकायचं. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत कोण कोणाच्या पॅनलमध्ये होतं हे पहिल्या भेटीआधी समजलेलं बरं. हे राजकारण नव्हे. तुमच्या अहवालातली ‘ग्रामस्थांचे मत’ ही ओळ नेमकं कुणाचं मत आहे, ते त्यावरून कळतं.

त्या ओळीबद्दलच बोलायचं तर ‘गावात प्रतिष्ठा चांगली नाही’ असं वाक्य मी कनिष्ठांच्या अहवालातून खोडते. कुणी सांगितलं, त्याचा आरोपीशी काय संबंध, त्यानं स्वतः काय पाहिलं, हे लिहा. पारधी वस्तीवरच्या पोराबद्दल तर दुप्पट काळजी घ्या. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची नोंद 1952 मध्ये पुसली गेली, पण गावच्या बोलण्यात ती अजून आहे. ‘यांचा धंदाच तो’ हे ऐकीव वाक्य तुमच्या सहीनं अहवालात गेलं की ती सरकारी माहिती होऊन बसते. अशा कुटुंबाला पक्कं घर नसतं, जामीनदार मिळत नाही, आणि म्हणून मुलगा आत राहतो. कलम 4 मध्ये बंधपत्र जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय, असे दोन्ही पर्याय आहेत. अहवालात दुसरा पर्याय नावानिशी सुचवा.

जामीनदार मिळाला तरी तो कोण आहे ते बघा. खेड्यात गरिबाला जामीन राहतो तो बहुधा जमीनवाला नाहीतर पुढारी. मग तीन वर्षं तो माणूस त्याच्या शेतावर फुकट राबतो, त्याच्या ट्रॅक्टरवर जातो, त्याच्या मोर्चाला जातो, आणि कागदावर सगळं छान असतं. एकांतात विचारा: जामीन राहिल्याबद्दल काय द्यावं लागतंय? उत्तर एकदम मिळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळतं.

आमच्या भागातला सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीचा. दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. निघण्याच्या बरंच आधी मुकादमाकडून (मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, पावसाळ्यात ती खर्ची पडलेली असते. कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत लोक जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आणि बंधपत्रात अट असते: परवानगीशिवाय तालुक्याबाहेर जाऊ नये, दर महिन्याला हजर राहावं. हा माणूस गेला तर अट मोडते, राहिला तर उचल फिटत नाही आणि मुकादम दारात येतो. सही करतानाच मोडणार हे ठरलेली अट मुळात सुचवायचीच नसते.

मग काय करायचं? अहवाल लिहितानाच तो ऊसतोडीला जातो हे स्पष्ट लिहा, उचलीची रक्कमही लिहा. कलम 4 च्या परंतुकात म्हटलं आहे की आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं राहण्याचं ठिकाण वा नियमित काम न्यायालयाच्या हद्दीत असावं, किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथं राहील त्या ठिकाणी असावं. हे ‘किंवा’ फार मोलाचे आहेत. गावात राहणारा, थोडी का होईना जमीन असलेला भाऊ जामीनदार म्हणून पुढं आला तर माणूस फडावर, म्हणजे ऊसतोडीला असला तरी कायद्याची अट पुरी होते. आदेश आधीच झालेला असेल आणि अट कडक असेल, तर कलम 8 खाली अटी बदलून घेता येतात. तो अर्ज पितृपक्षातच टाका. टोळी निघाल्यावर टाकलेला अर्ज म्हणजे कबुलीजबाब होतो.

निघण्याआधी त्याच्याकडून कारखाना, गाव, मुकादमाचं नाव आणि नंबर, सोबतच्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर घेऊन फाईलला लावा. फोनचा वार ठरवून घ्या. फडावर मोबाइल चार्ज करायची सोय रोज नसते, म्हणून एक दिवस मागंपुढं धरा. तिथल्या जिल्ह्यातल्या परिविक्षा अधिकाऱ्याला पत्र पाठवा आणि पत्रावर न थांबता फोनही करा. मुकादमाचा नंबर जवळ ठेवायचा, पण त्याला फोन करायचा नाही. या माणसावर बंधपत्र आहे हे मुकादमाला कळलं की त्याच्या हातात दोरी येते. जास्त तास राबव, हिशेब उशिरा कर, तो कुरकुरला की ‘तुझ्या मॅडमला कळवतो’ म्हण. हे अंदाजानं लिहीत नाही, फडावर हे चालतं. माणूस परतला की पहिल्या पंधरवड्यात भेट घ्या. तेव्हा हातात थोडे पैसे असतात, जुनी भांडणं निघतात, दारू वाढते.

मुलाचं प्रकरण असेल तर उलटी अडचण होते: आईबाप फडावर आणि पोरगं आजीकडे. आजीला बाल न्याय मंडळाची तारीख वाचता येत नाही आणि जिल्ह्याला एकटीनं येता येत नाही. हंगामी वसतिगृह (स्थलांतरितांच्या मुलांसाठीचं) पोराच्या शाळेत सुरू आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. सुरू असेल तर पोराचं निम्मं काम झालं.

दुसरा मोठा गठ्ठा बांधाचा. चुलत्या-पुतण्यात बांध कोरण्यावरून वाद, कुऱ्हाडीचा दांडा, डोकं फुटलं, दोन्हीकडून तक्रारी. आधी भारतीय दंड संहितेचं 324 लागायचं, 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं 118. अशा प्रकरणात न्यायालय बऱ्याचदा कलम 4 वापरतं, आणि वापरावंही. आरोपी सराईत नसतो. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढलेला असतो.

पण इथं देखरेखीचा अर्थ बदलतो. जखमी झालेला माणूस त्याच बांधाच्या पलीकडं रोज उभा असतो. त्याची सामायिक विहीर, त्याच रोहित्राची वीज, पाण्याची पाळी रात्री दोनला. तुम्ही फक्त आरोपीकडे जात राहिलात तर पलीकडच्याला वाटतं सरकार याच्या बाजूनं आहे. त्याच्याकडेही जा. कलम 5 खाली नुकसानभरपाई ठरली असेल तर ती हप्त्यानं का होईना पोचते का ते बघणं तुमच्या कर्तव्यात आहे. तीन-चार हजारांचा एक हप्ता वेळेवर गेला तर तंटा निवतो, असं मी पाहिलं आहे. आणि मोजणी झालेली नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकायला सांगा. समुपदेशनाच्या दहा बैठकींपेक्षा हद्दीच्या खुणा घातल्यानं जास्त शांतता येते. माझे समुपदेशनवाले मित्र यावर नाराज होतात, पण माझं मत बदललेलं नाही.

याच प्रकरणांत तुम्हाला चुगल्या ऐकू येतील. ‘मॅडम, तो परवा पिऊन आला, शिव्या दिल्या, बाँड रद्द करा.’ सांगणारा असतो भावकीतलाच, आणि बाँड रद्द झाला तर वादातला तो गुंठा कुणाला मिळणार ते तुम्हाला आता माहीत असतं. तक्रार नोंदवा, तारीख लिहा, स्वतः जाऊन तपासा. तक्रार खरी निघाली तर झाकू नका. कलम 9 प्रमाणे न्यायालय त्याला बोलावू शकतं, मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, किंवा पहिल्यांदाच चूक असेल तर बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करू शकतं. हो, पन्नासच; कायद्यात ती रक्कम 1958 पासून तशीच आहे. त्या दंडाला हसू नका. न्यायाधीशांसमोर उभं राहून पन्नास रुपये भरलेला माणूस पुढं दोन वर्षं नीट राहिल्याची उदाहरणं माझ्या फायलींत आहेत. मात्र ‘आत टाकीन’ ही धमकी तुम्ही द्यायची नाही. तुम्हाला तो अधिकार नाही, आणि गावाला हे तुमच्याआधी कळतं.

मुलांबाबत दोन गोष्टी. पहिली वयाची. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आणि आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना ती तारीख टाकली. गंमत वाटेल, पण गुन्हा मे महिन्यातला असेल तर त्या एका तारखेवर पोरगं मंडळापुढं जाणार की मोठ्यांच्या न्यायालयात हे ठरतं. शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्याची प्रत लगेच काढा. दाखला नसेल तर जन्मनोंदीसाठी ग्रामसेवकाकडं स्वतः जा, कारण घरचे त्याच्यापर्यंत तिसऱ्या खेपेलाही पोचत नाहीत.

दुसरी गोष्ट पळून जाण्याच्या प्रकरणांची. सोळा-सतराची दोघं निघून गेली, मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागला, मुलगा निरीक्षणगृहात. सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला पंधरा दिवसांत द्यायचा असतो आणि दोन्ही घरं तुमच्याकडे आशेनं नाहीतर रागानं बघत असतात. जात वेगळी असेल तर मुलाला घरी पाठवणं कायद्यानं योग्य असूनही तो गावात जिवंत राहील का, हा प्रश्न खरा असतो. बाल न्याय अधिनियमाच्या जामिनाच्या कलम 12 मध्ये शारीरिक धोक्याचा विचार आहे. तो कागदावर आणा, आणि सोबत पर्याय द्या: मामाचं गाव, तिथली शाळा, तिथला कोण जबाबदारी घेतो. नुसतं ‘धोका आहे’ लिहिलंत तर पोरगं महिनोन्महिने निरीक्षणगृहात अडकतं. मुलीचं नाव, गाव, शाळा हे तुमच्या तोंडून कुठंच जाता कामा नये, कार्यालयातल्या शिपायासमोरही नाही. कलम 74 मुलाच्याही ओळखीला तेवढंच संरक्षण देतं. शाळेत जाल तेव्हा फक्त मुख्याध्यापकांशी बोला, आणि मधल्या सुट्टीत जाऊ नका.

सामाजिक सेवेची शिक्षा आता मोठ्यांनाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 4 मध्ये ती आली. पाच हजारांखालची पहिली चोरी, ज्यात माल परत केला आहे, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा, बदनामी, अशा मोजक्या गुन्ह्यांत ती देता येते. समाजाला उपयोगी, मोबदल्याविना काम, एवढी व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 23 मध्ये आहे. किती तास, कुठं, कुणाच्या नजरेखाली, हे मूळ कायद्यात नाही. म्हणजे तुम्हाला विचारलं जाईल, आणि तुम्ही काय सुचवता याला महत्त्व आहे. ग्रामपंचायतीचं अंगण झाडणं हे सर्वांत सोपं उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा वाईट. ज्या पॅनलला त्यानं विरोध केला त्याच पॅनलच्या सरपंचासमोर तो झाडू घेऊन उभा राहतो, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतं. त्याहून महत्त्वाचं: दलित वस्तीतल्या पोराला गटार काढायला किंवा झाडू मारायला कधीही सुचवू नका. त्याच्या आजोबाकडून गावानं जे फुकट करून घेतलं तेच न्यायालयाच्या आदेशानं पुन्हा होतं. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरची रांग लावणं, रोपवाटिकेत काम, शेजारच्या गावच्या शाळेची रंगरंगोटी, असं काही शोधा, आणि शक्यतो त्याचं स्वतःचं गाव टाळा.

भरतीचं. तुमच्याकडच्या तरुणांपैकी निम्मे पहाटे रस्त्यावर धावणारे असतील, पोलीस किंवा सैन्य. ते विचारतील: बाँड संपला की केस पुसली जाते ना? परिविक्षा अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे कलम 3 (समज देऊन सोडणं) किंवा 4 खाली सुटलेल्याला दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागत नाही. पण दोषसिद्धी झालीच नव्हती असं त्याचा अर्थ होत नाही. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर प्रकरण लपवू नको, असं स्पष्ट सांगा. लपवल्यामुळं नोकरी गेल्याची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. मुलांच्या बाबतीत बाल न्यायाचं कलम 24 जास्त उदार आहे, तिथं ठरावीक मुदतीनंतर नोंदच नष्ट करायची असते. ती खरंच नष्ट झाली का याचा पाठपुरावा तुम्ही केला नाही तर कुणी करत नाही.

तुमचं स्वतःचं राहणं. ज्या गावात तुमची प्रकरणं जास्त तिथं खोली घेऊ नका. आठवडी बाजारात तुमचा माणूस भेटणारच. पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा की बाहेर मी आधी ओळख दाखवणार नाही, तू बोललास तर बोलेन. त्याला त्यामुळं बरं वाटतं. चहा घ्या, नाही म्हटलं तर अपमान होतो, विशेषतः ज्या घरचा चहा गावात कुणी पीत नाही तिथं तर घ्याच. जेवण, ज्वारीचं पोतं, लग्नात आहेर, हे सगळं नाही. आमदाराच्या माणसाचा फोन आला तर नम्रपणे ऐका आणि त्याच दिवशी डायरीत नोंद करा: कोण, कधी, काय म्हणाले. दुसऱ्यांदा फोन आला की तेवढंच सांगा, तुमच्या मागच्या फोनची नोंद केली आहे. तिसरा फोन सहसा येत नाही. संध्याकाळनंतर एकटं वस्तीवर जाऊ नका, आणि कुठं चाललोय हे कार्यालयातल्या एका तरी माणसाला सांगून जा.

दौरा दैनंदिनी त्याच रात्री लिहा. प्रवासभत्त्याची बिलं महिनोन्महिने रखडतात, त्यामुळं तिकिटं जपा आणि खिशात स्वतःचे थोडे पैसे असू द्या. बदली ठरलेली असते, तेव्हा सुरुवातीपासूनच प्रत्येक फाईलच्या आत एक साधा कागद ठेवत जा, पुढच्या अधिकाऱ्यासाठी: घरी कुठल्या रस्त्यानं जायचं, भेट शेतात घ्यायची की तालुक्याला, घरात कुणाशी बोलायचं, कुणाला कळता कामा नये, टोळी कधी जाते, मुकादम कोण. तुमच्या जागी येणाऱ्याला हे माहीत नसलं तर तो पहिल्याच दिवशी फाट्यावर उतरून घर विचारत निघेल.